पाचवं माणूस

चिंगी चार दिवसांसाठी आली होती. त्या चार दिवसांना आता नऊ महिने होत आले होते, पण घरात तसं बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

ती आली तेव्हा थंडी सरत आली होती. लग्नाला सहा वर्षं झालेली चिंगी एक बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हे म्हणाले, जरा माहेरी राहून ये." त्यानंतर त्या गृहस्थाने ना फोन केला ना घेतला. आता पुन्हा थंडी तोंडावर आली होती. चिंगीच्या आईने, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंनी, सगळ्यांचे स्वेटर गॅलरीत उन्हाला टाकले होते, त्यात चिंगीसाठी नवा आणलेलाही होता. तरी जिन्यात शेजारची कुणी भेटली की सासूबाईंचं वाक्य ठरलेलं असे, "चिंगी आली आहे ना, चार दिवस."

वहिनी हे वाक्य ऐकायची आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची.

घरात तिला सगळे वहिनीच म्हणत. खरं तर चिंगीने म्हणायचं ते नाव, पण लेकीचं ऐकून ऐकून सासूबाईही म्हणू लागल्या, आणि एकदा तर नवऱ्यानेच झोपेत "वहिनी, पंखा बंद कर" असं म्हटलं होतं. त्यावर घर दोन दिवस हसलं. अलीकडे हसण्यासारखं घडलेलं तेवढंच.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सातच्या ठोक्याला तिथे हजर व्हायचं, म्हणून त्याआधी उठून स्वयंपाक उरकायचा. दुपारी घरी आलं की ओट्यावरचा पसारा, धुणं, बाजार, मग रात्रीचा स्वयंपाक. सासूबाईंचे गुडघे गेलेले. सासरे आयुष्यभर नकाशे काढत बसलेले आणि आता नुसते बसलेले, कानाने अधू. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, कुठल्या इमारतीत कोण कधी अडकेल त्याचा नेम नाही. मुलगा दीड वर्षापूर्वी शिकायला दुसऱ्या गावी गेला. तेव्हा वहिनीला वाटलं होतं, एका माणसाचं काम कमी होईल. ते कमी झालंही, आणि ज्या आठवड्यात तिला त्याची सवय होत आली त्याच आठवड्यात चिंगी आली.

चिंगीचं खाणं जड नव्हतं. चिंगीचं बसणं जड होतं.

पहिल्याच आठवड्यात वहिनीने तिच्यापुढे बटाट्यांची परात ठेवली होती. चिंगीने सोलायला घेतलेही, पण सासूबाई आतून लंगडत आल्या आणि त्यांनी परात उचलून पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवली. "चार दिवस आलेल्या मुलीला कामाला जुंपतेस होय गं? तिकडे जाऊन ती काय सांगेल?" चिंगीने हात पुसले. वहिनीने बटाटे सोलले. त्यानंतर तेच ठरून गेलं. पाहुणीने कामाला हात लावायचा नाही. चिंगी उठून कपबशी विसळायला गेली तरी सासूबाईंची हाक येई, "चिंगे, ये गं इकडे, जरा पाय चेप." म्हणजे पाय चेपलेले चालत. ते लेकीचं काम, घराचं नव्हे.

यातली गोम वहिनीला कळत होती, आणि कळत होती म्हणूनच तिला धड रागावताही येत नव्हतं. ज्या दिवशी चिंगी ओट्याशी उभी राहील त्या दिवशी ती पाहुणी राहणार नाही; आणि ती पाहुणी राहिली नाही म्हणजे तिकडचं सगळं संपलं. सासूबाई लेकीला कामापासून वाचवत नव्हत्या. त्या तिचं लग्न टिकवत होत्या, त्यांना जमेल तसं. ते टिकवायला रोज दोन्ही वेळ वहिनीचे हात लागत होते, एवढंच.

नवऱ्याशी बोलून पाहिलं होतं.

"तू सांग ना आईंना एकदा."

"काय सांगू?"

"की चिंगी आता इथेच राहणार आहे. मग आम्ही कामं वाटून घेऊ."

"मी सांगू? आईला?" तो उशीवरून अर्धा उठला होता. "अगं, दहाव्या मजल्यावर लिफ्टचा दोर तुटलेला असला तरी मी वर चढतो. पण हे नको सांगूस."

"मग चिंगीला विचार, तिला काय हवंय."

"तिला विचारलं की ती रडते."

"मग रडू दे की."

"तू विचार ना मग."

वहिनीनेही विचारलं नव्हतं. विचारणारी वहिनी असली की त्या प्रश्नाला वेगळाच वास येतो. कधी जाणार, असाच त्याचा अर्थ होतो, कितीही गोड विचारा. तिला फार काही नको होतं. कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं की चिंगी इथे राहते. पुढचं मग ती बघून घेणार होती: सकाळचा चहा तुझा, भांडी तुझी, स्वयंपाक माझा. पण ते एक वाक्य कुणाच्याच तोंडून निघत नव्हतं, आणि वहिनी इतकी थकली होती की हल्ली तिला लॅबमधल्या उंच स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागायची.

शनिवारी अर्धा दिवस असे. त्या शनिवारी ती घरी येऊन नुकती टेकली होती, तोच बेल वाजली.

दारात एक पन्नाशीची बाई. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी झोळी, चष्मा दोरीला बांधलेला. तिला आधी बोलताच येईना. तिने एक बोट वर करून थांबा असं खुणावलं आणि चौकटीला धरून श्वास घेतला.

"लिफ्ट बंद आहे तुमची," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो."

बाईने तिच्याकडे पाहिलं आणि दोघीही एकदम हसल्या. ते हसूसुद्धा दमलेलंच होतं. वहिनीने पाणी आणून दिलं. बाई सर्वेवाली होती. घरोघरची माणसं, त्यांची कामं, शिक्षण यांची पाहणी चालली होती आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत हे घर आलं होतं.

"चिठ्ठीत आमचं नाव निघालं म्हणे!" सासूबाईंनी आतल्या सासऱ्यांना ओरडून सांगितलं.

"काय मिळणार आहे?" आतून आवाज आला.

"काही नाही!"

"मग उठत नाही."

पण ते उठून आले. सासूबाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या, सासरे पलंगाच्या कडेला. चिंगी खिडकीशी बसून होती ती उठून आत जायला लागली, तर सासूबाई म्हणाल्या, "बैस गं, तुझं काय त्यात," आणि ती पुन्हा बसली. सर्वेवालीने झोळीतून टॅब काढला. बोटाने एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दाबल्यावर तो उजळला.

"हं, आजी, घरात माणसं किती?"

"आजी कुणाला म्हणता? काकू म्हणा."

"काकू. माणसं किती?"

"पाच," सासूबाई तडक म्हणाल्या. "हे, मी, मुलगा, सून, नातू."

"कुटुंबप्रमुख?"

"हे." त्यांनी सासऱ्यांकडे हनुवटी केली. सासरे म्हणाले, "काय?" आणि सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, तुम्ही बसा."

सर्वेवाली लिहीत होती. मग तिने चष्मा वर सारला आणि पाठ म्हणावं तसं एका सुरात सांगायला लागली. दिवसाकाठी कितीदा तरी सांगत असणार. "काकू, आमच्याकडे कुटुंब नात्यावरून धरत नाहीत. एका घरात राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी जी माणसं, ते कुटुंब. सख्खी असोत नाहीतर परकी."

"म्हणजे कामवाली पण?"

"इथेच राहून इथेच जेवत असेल तर तीसुद्धा."

"अगं बाई. आणि सख्खा भाऊ भिंतीपलीकडे वेगळं करून खात असेल तर?"

"तर तो वेगळं कुटुंब."

"हे मात्र बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आपले दीर आठवले असावेत.

"आणि गेल्या वर्षातले सहा महिने तरी माणूस इथे राहिलेला पाहिजे. नातू काय करतात?"

"इंजिनिअर होतोय."

"इथूनच जातो कॉलेजला?"

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"होस्टेलला असतो," सासूबाई म्हणाल्या. "पण घर त्याचं हेच. ती बघा, ती खोली त्याची. पलंगपोससुद्धा हलवलेला नाही."

"मग तो तिकडे मोजला जाईल. इथे नाही."

"असं कसं? नातू आहे तो माझा! एकुलता एक!"

"हो काकू, पण जेवतो तिकडे, राहतो तिकडे."

"सुट्टीत येतो ना."

"किती दिवस?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. सर्वेवालीने पायातली चप्पल हळूच काढून टाच जमिनीला टेकवली. तिचा दिवस मोठा असावा. "हे बघा," ती नरमाईने म्हणाली, "मी काही होस्टेलला जाऊन बघणार नाही. तुम्ही म्हणाल ते लिहीन. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस घरी असतो म्हणालात तर तसं. फक्त नक्की सांगा." मग तिची नजर खिडकीशी गेली. "आणि या?"

"लेक माझी. पाहुणी आली आहे."

"कधी आल्या?"

"परवाच," सासूबाई म्हणाल्या.

चिंगी खाली बघत होती. तिच्या पायात घरातल्या, अंगठ्याशी झिजून गेलेल्या सपाता होत्या.

"मग त्यांना लिहायचं नसतं," सर्वेवाली म्हणाली. "त्यांच्या घरी लिहितील. कसं असतं, माणूस कुठेतरी एकदाच यायला हवा. दोनदा नको, आणि सुटायला पण नको. तर नातवाचं काय लिहू?"

"सांग ना तू," सासूबाई वहिनीला म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तुझाच मुलगा. शनिवार-रविवार येतोच की. येतो ना?"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला सौदा कळला. तुझा आत राहू दे, माझी बाहेर राहू दे. दोन्हीही खोटं, पण दोन्हीही आपापल्या जागी, आणि कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मान हलवली की झालं असतं. मुलगा यायचा वर्षातून दोनदा. मागच्या सुट्टीत आला तेव्हा चहाची साखर कुठे ठेवता असं त्याने आजीला विचारलं होतं, आणि वहिनीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

त्यांच्या लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजायला एक काच असते. तिच्यावर बारीक चौकोन आखलेले. काही पेशी नेमक्या रेषेवर बसतात, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. त्यांच्यासाठी नियम असतो: वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या मोजायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, त्या शेजारच्या चौकोनात येतात. नव्या मुलींना वहिनीच हे शिकवायची. "मनाला येईल तशी घेतली की चुकलं," ती सांगायची, "एकीला दया दाखवलीत की सगळी मोजणी बाद." सोडलेली पेशी शेजारी मोजली जाते, या भरवशावर तो नियम उभा होता. आणि चिंगी? तिकडे हीच सर्वेवाली, नाहीतर हिची बहीण, दारात उभी राहिली असती तर चिंगीचा नवरा काय म्हणाला असता? माहेरी गेली आहे. म्हणजे तिकडे सोडली, इकडे सोडली. दोन्ही चौकोनांनी.

हे सगळं वहिनीच्या मनात एवढ्या नीट ओळीने आलं असेल असं नाही. पाठ दुखत होती, ओट्यावर भांडी पडली होती, आणि ती भांडी आता कोण घासणार हे तिला माहीत होतं.

"मुलगा वर्षातून दोनदा येतो," ती म्हणाली. "शनिवारी वगैरे नाही येत. त्याचं नाव काढा."

सर्वेवालीचं बोट थांबलं होतं.

"आणि चिंगी गेल्या थंडीच्या शेवटी आली. नऊ महिने होतील. दोन्ही वेळ माझ्या हातचं जेवते. तिला लिहा."

"वहिनी!" सासूबाई ओरडल्या.

"काय झालं?" सासरे म्हणाले.

"सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर लिहावंच लागतं," सर्वेवाली हळूच म्हणाली. या घरात आपण कुठे पाय दिला हे तिला कळलं असावं. "मग पुढे राहणार की नाही ते विचारायचीही गरज नसते."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. "पोटच्या पोराचं नाव काढलंस," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या तोंडाने. आणि कशासाठी? भांडी घासायला एक माणूस मिळावं म्हणून!"

वहिनीने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जरा जोर लागतो.

"हो," ती म्हणाली. "त्यासाठीच."

सासूबाई भांडायला कंबर कसून बसल्या होत्या, पण समोरून असं सरळ कबूल झाल्यावर भांडण कुठून सुरू करायचं ते त्यांना कळेना. सासरे एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ताई," सर्वेवालीने खिडकीकडे पाहून विचारलं, "तुमचं काय म्हणणं? या म्हणतात ते बरोबर आहे?"

चिंगीने मान वर केली. ती रडेल असं सगळ्यांनाच वाटलं. ती रडली नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "स्वेटर आणला नव्हता मी. गॅलरीतला तो आईने घेतला."

"चिंगे, गप्प बैस. ते उद्या फोन करतील."

"करू देत ना आई. फोन आला तर कुठे आहे सांगेन. इथे आहे."

मग पुढचे प्रश्न झाले. वय. शिक्षण. लग्न झालेलं? झालेलं. सर्वेवाली एकेक विचारत गेली आणि चिंगी उत्तरं देत गेली, शाळेत हजेरी द्यावी तशी, पण दर उत्तरागणिक तिची पाठ थोडी सरळ होत होती, असं वहिनीला वाटलं. कदाचित ती नुसती अवघडली असेल.

"गेल्या आठवड्यात बहुतेक वेळ काय केलंत? नोकरी, घरकाम, शिक्षण, काही?"

"बसले होते."

"घरकाम लिहू?"

"नको. मला करू देत नाहीत."

सर्वेवालीने पर्याय वरखाली सरकवून पाहिले. "बसण्याचं नाही हो इथे. 'इतर' लिहिते. काम शोधताय का?"

"लग्नाआधी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं करायचे मी," चिंगी म्हणाली. मग जरा थांबून, "शोधतेय लिहा."

"गेल्या आठवड्यात कुठे अर्ज केला, कुणाला विचारलं, असं काही?"

"नाही."

"मग 'नाही' असं लिहावं लागेल."

"पुढच्या आठवड्यात आलात तर?"

"पुढच्या आठवड्यात दुसरं घर असतं," सर्वेवाली म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण ती पुढे म्हणाली, "पण तुम्ही शोधा. मला सांगायला नको."

शेवटी तिने सगळं वाचून दाखवलं. सासरे, सासूबाई, मुलगा, सून, मुलगी. एकूण पाच.

"मी काय सांगितलं होतं?" सासूबाई कडाडल्या. "पाचच!"

सर्वेवालीने झोळी खांद्याला लावली. वहिनी तिला दारापर्यंत सोडायला गेली. "अजून किती घरं?" तिने विचारलं. बाईने जिन्याकडे बघत नुसता हात हलवला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली.

दार लावून वहिनी आत आली तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या. सासरे त्यांना विचारत होते, "चिंगी राहणार आहे, हे मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"तुम्हाला ऐकू कुठे येतं!"

"ते आलं असतं," सासरे म्हणाले.

वहिनी मुलाच्या खोलीत गेली. तिला कुठेतरी टेकायचं होतं आणि बाकी सगळीकडे माणसं होती. पलंगपोस खरंच हललेला नव्हता. त्याच्यावरची धूळ तीच झटकायची, दर आठवड्याला. तिने मुलाला फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"अरे, आज सर्वेवाले आले होते. कोण कोण राहतं विचारत होते."

"मग?"

"तुझं नाव नाही लिहिलं. तू तिकडे असतोस म्हणून."

"बरोबरच आहे की," तो म्हणाला. मागे कुणीतरी हसत होतं, ताटं वाजत होती. "मी इथेच राहतो. आई, जेवायला जातोय, नंतर करू?"

"कर."

ती फोन हातात धरून तशीच आडवी झाली. लहानपणी तो म्हणायचा, मी मोठा झालो तरी इथेच राहणार, दाराला आतून कडी लावून. सगळीच मुलं म्हणतात. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण रडू यायच्या आधी झोप आली, आणि झोप लागायच्या आधी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला.

चिंगी भांडी घासत होती. एकेक ताट इतकं सावकाश, की वहिनीच्या पायाला मुंग्या आल्या. नळ सारखा चालू. मध्येच काहीतरी खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. सासूबाईंची हाक आली नाही. वहिनी वाट बघत होती. हाक आली असती तर तिला उठायला कारण मिळालं असतं. बऱ्याच वेळाने पावलं दारापर्यंत आली.

"वहिनी, भाजी टाकू का? मीठ कुठे असतं?"

नऊ महिने ही बाई या घरात दोन्ही वेळ जेवली आणि हिला मीठ कुठे असतं ते माहीत नाही. वहिनीला आधी हसू आलं, मग कळलं की माहीत असणार तरी कसं.

"गॅसच्या खालच्या कप्प्यात. डावीकडे."

थोड्या वेळाने पुन्हा, "डावीकडे पिठीसाखर आहे."

"तिच्या मागे बघ! जरा हलवून बघ की गं चिंगे, सगळं मीच येऊन हातात देऊ का?"

हे जरा जोरातच निघालं. इतके महिने चिंगीशी ती अशा आवाजात बोलली नव्हती. पाहुण्यांशी असं कोण बोलतं? दारातल्या चिंगीचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "बघते, बघते, ओरडू नकोस," आणि गेली. वहिनी पुन्हा उशीवर पडली. संध्याकाळच्या या वेळेला आडवं होऊन किती वर्षं झाली ते तिला आठवेना. हलकं वाटेल असं तिने धरलं होतं. तसं काही वाटत नव्हतं. पाय दुखत होते तसेच दुखत होते, फक्त ते आता पलंगावर होते.

नवरा उशिरा आला. हात धुताना त्याने विचारलं, "आज काय विशेष? स्वयंपाकघरात वेगळंच माणूस दिसतंय."

"मोजणी झाली घराची," वहिनी म्हणाली.

"मग? किती भरलो?"

"पाच."

"पाचच तर आहोत," तो म्हणाला, आणि मग ओट्याशी उभ्या असलेल्या बहिणीकडे, मुलाच्या खोलीकडे आणि बायकोच्या तोंडाकडे बघून तो हळूहळू हात पुसत राहिला. टॉवेल बराच वेळ सोडला नाही.

जेवायला सासूबाई येतील की नाही याची सगळ्यांना धास्ती होती. त्या आल्या. डोळे सुजलेले, पदर नीट केलेला. चिंगीने वाढलं. भाजी खालून लागली होती, तो वास सगळ्यांनाच आला. सासऱ्यांनी दुसरा घास घेताना थोडा विचार केला, पण घेतला. सासूबाईंनी भाजी ताटाच्या कडेला सारली, पुन्हा ओढून घेतली, खाल्ली.

"करपली आहे," त्या म्हणाल्या. कुणालाच उद्देशून नाही.

"हो," चिंगी म्हणाली. "उद्या आच बारीक ठेवीन."

सासूबाईंचा हात ताटावर थांबला. आता त्या म्हणतील, उद्या कशाला, उद्या तू कशाला करतेस. नवऱ्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"आणि पाणी आधी घालत जा," सासूबाई म्हणाल्या. "फोडणीनंतर लगेच. वहिनीला विचार, ती सांगेल."